खालच्या सप्तकातली गुरगुर

२ ऑगस्ट

आलो एकदाच्या. सामानवाल्यांनी कपाटाचं एक दार वाकडं करून ठेवलं, पण आज कुणावरही चिडायचं नाही असं मी सकाळीच ठरवलं होतं आणि ते पाळलंही. घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि पुढच्या खोलीला अशी ऐसपैस खिडकी की आईने हातातल्या पिशव्या खाली ठेवायच्या आधीच तिच्यापाशी खुर्ची ओढली. खाली रंगाचं दुकान आहे, त्यामुळे जिन्यात टर्पेंटाइनचा वास येतो. आई म्हणाली, असू दे, निदान ढेकूण तरी होणार नाहीत. तिचं सगळं आयुष्य या ‘असू दे’वर चाललंय. बाबा ताट भिरकावायचे तेव्हाही ती असू दे म्हणायची आणि फरशी पुसायला घ्यायची. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, तिची सवय मात्र तशीच आहे.

सोमवारपासून संगीत-शाळेत रुजू व्हायचंय. मुलांना कीबोर्ड शिकवायचा. आणि या वेळी घरात स्वतःचं वाद्य आणायचं. आजवर शाळेच्या, मैत्रिणीच्या, नाहीतर दुकानात मांडलेल्या वाद्यांवर हात साफ केला. दुकानदार खाकरला की उठायचं. आता बास. मला जुना इलेक्ट्रिक पियानो हवाय. त्यात प्रत्येक पट्टीमागे एक पोलादी काडी असते. तिच्यावर हातोडी पडते, आणि काडीची थरथर समोरचं तारेचं वेटोळं पकडतं आणि स्पीकरपर्यंत पोचवतं. हलक्या हाताने वाजवला तर भांड्यातल्या पाण्यात थेंब पडल्यासारखा आवाज. जोरात मारला तर तोच स्वर गुरगुरतो. कुठलंही नवं यंत्र हे करू शकत नाही, कितीही बटणं असोत.

६ ऑगस्ट

मिळाला. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून आई आणि मी पलीकडच्या वस्तीत गेलो. विकणाऱ्या बाई साठीच्या, घर आरशासारखं लख्ख. उजवा हात त्यांनी सगळा वेळ स्वेटरच्या खिशात ठेवला होता, पियानोवरची चादरही डाव्या हातानेच ओढली. काळं झाकण, पिवळट पट्ट्या, लोखंडी पाय, खाली एक पेडल. नवरा वाजवायचा, म्हणाल्या, तोही फक्त रविवारी, तोही अगदी हळू, शेजाऱ्यांनासुद्धा ऐकू जायचं नाही. तो गेल्यावर कुणी हात लावलेला नाही.

मी एक साधी सुरावट धरली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईच्याही आलं. बाईंनी घासाघीस केली नाही. हमालांना बोलावलं तेव्हा दार त्यांनी स्वतः पाठीने दाबून धरलं, आणि पियानो उंबऱ्याबाहेर गेला तेव्हा खुर्चीत बसल्या त्या तशाच, आम्ही निरोप घेतला तरी उठल्या नाहीत.

७ ऑगस्ट

जिन्यावरून चढवताना हमालांच्या तोंडाला फेस आला. शेजारच्या घरातले आजी-आजोबा बघायला बाहेर आले. ही दोघं जिना उतरतानाही एकमेकांची बोटं सोडत नाहीत. आजोबा म्हणाले, पोरी, मनसोक्त वाजव, आम्हाला तेवढीच करमणूक. पियानो त्यांच्या-आमच्यातल्या भिंतीला लावला. आईने त्यावर फुलदाणी ठेवू का विचारलं. ठेवायची नाही म्हटलं. वाद्य आहे, टेबल नव्हे.

१० ऑगस्ट

आज झाकण काढून आत पाहिलं आणि डोकं फिरलं. हातोड्यांच्या रबरी टोकांना इतक्या खोल खाचा पडल्यात की नख आत जातं. निम्म्याहून जास्त काड्या बदललेल्या. पोलादी काडी रविवारी हळू वाजवून तुटत नसते. ती तुटते मारून मारून. झाकणाच्या आतल्या कडेला लाकूड दबलेलं आहे, जणू ते कशावर तरी आपटलंय, एकदा नाही, पुष्कळदा.

बाईंना फोन केला. म्हणाल्या, असेल बाई, मला त्यातलं काय कळतं, आणि फोन ठेवला. परत केला तर उचलेनात. माणूस इतकं साळसूद तोंड करून खोटं बोलतो, आणि आपण वर त्याच्या घरचा चहा पिऊन येतो. तळपायाची आग मस्तकात गेली.

१४ ऑगस्ट

दुरुस्तीला मिस्त्री आला. शाळेतल्यांनीच नाव सुचवलं होतं. काहीही विचारा, ‘होऊन जाईल’ म्हणतो, म्हणून आम्ही त्याचं नाव होऊन-जाईल ठेवलंय. सुरात लावायचं मला येतं: काडीवर एक बारीक स्प्रिंग असते, ती टोकाकडे सरकवली की स्वर उतरतो, बुडाकडे नेली की चढतो. पण विजेचं काम माझ्या हातचं नाही. लोखंडाला हात लागला की झिणझिण्या येत होत्या. त्याने तारा बदलल्या, अर्थिंगची तार जोडली, वेटोळ्यांचे स्क्रू फिरवले. खालच्या सप्तकात आपोआप एक गुरगुर येते, ती काही जाईना. होऊन जाईल, वाजवून वाजवून जाईल, म्हणाला.

उतरताना त्याचं आणि खालच्या रंगवाल्याचं असं जुंपलं की शटर हाणल्याचा आवाज वरपर्यंत आला. कारण काय तर सायकल कुठे लावली. इतका वेळ गोड बोलणारा माणूस.

१९ ऑगस्ट

रोज सुरात लावते, दुसऱ्या दिवशी बेसूर. पांढरी पाच ही पट्टी तर हट्टीच. हळू वाजवलं तर निम्मे स्वर मुके. मी तासन्‌तास स्प्रिंग सरकवत बसले आणि आई मागून येऊन म्हणाली, चहा घे, आणि कप झाकणावर ठेवला. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. आईने कप उचलला आणि आत गेली. मी रागाच्या भरात दोन्ही हात पट्ट्यांवर आपटले.

सगळा पियानो सुरात होता. खालपासून वरपर्यंत, एक स्वर इकडचा तिकडे नाही. मी वाजवत सुटले. इतकं चांगलं मी आयुष्यात वाजवलेलं नाही. थांबले तेव्हा खांदे भरून आले होते आणि फार म्हणजे फारच बरं वाटत होतं.

आईची माफी मागायची राहिली.

२३ ऑगस्ट

आता युक्ती कळली आहे. बसायच्या आधी कशावर तरी चिडायचं. त्या खोटारड्या बाईवर, नाहीतर शाळेतल्या मुख्य बाई माझ्या शिकवण्यात नाक खुपसतात त्यांच्यावर. काही सुचलं नाही तर आईवर. ती खिडकीत बसून शेंगा सोलते, त्या सोलण्याचा आवाज. तेवढाही पुरतो.

शाळेत मी अगदी शांत असते. मुलं चुकली तरी हसते. जिना चढायला लागले की दुसऱ्याच वळणावर दातांवर दात बसतात. आज मुद्दाम पुन्हा खाली गेले, पुन्हा चढले. तिथेच बसतात.

२५ ऑगस्ट

दुपारी वाजवत होते. भिंतीपलीकडून आधी आजींचा आवाज आला, मग आजोबांचा. मला वाटलं दाद देताहेत. मग काहीतरी फुटलं. मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही, हे मला लिहून ठेवलंच पाहिजे. मी आणखी जोरात वाजवलं, कारण त्यांच्या कटकटीचा मला राग आला.

आजींना स्ट्रेचरवरून नेलं. कपाळ फुटलंय. आजोबा जिन्यात उभे होते, हातात फुटलेल्या थाळीचा अर्धा तुकडा, आणि तो खाली ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं. सगळ्यांना एकच सांगत होते की आमचं कधी भांडण झालेलं नाही, विचारा हवं तर, कधीच झालेलं नाही.

२८ ऑगस्ट

वायर काढली. प्लग भिंतीपासून दूर, वर जाड चादर. चार दिवस हात लावायचा नाही असं आईला सांगितलं, तिने मान हलवली.

संध्याकाळी आई भाजी आणायला गेली होती. मी वह्या तपासत होते. चादरीखालून गुरगुर आली. वीज नाही, स्पीकर नाही, हातोडी हललेली नाही. कान लावला. कुत्रं दात दाखवण्याआधी छातीतून काढतं ना, तसा आवाज.

मी घाबरले नाही. मला राग आला. आधी राग आला आणि मग कळलं की हा राग माझा नाही. माझ्याजवळ त्या क्षणी चिडायला काहीच नव्हतं. कुणीतरी कपडे अंगावर चढवावेत तसा तो माझ्या अंगावर चढला.

३० ऑगस्ट

त्या बाईंकडे गेले. दार उघडेनात, मी हाणत राहिले. शेवटी आत घेतलं. तुमचं वाद्य परत घ्या, पैसे नकोत, म्हटलं. त्यांनी खिशातला हात काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवला. चारही बोटं वाकडी, सांधे सुपारीएवढे. झाकणाखाली, म्हणाल्या. एकदा नाही.

नवरा आधी मुंगी मारत नव्हता, म्हणाल्या. पियानो आणला आणि वर्षभरात तो कोण होता हे मी विसरले. वाजवता वाजवताच मेंदूतली शीर फुटली त्याची. मला वाटलं सुटले. तर तो गेल्यानंतरही राग घरातच होता. मग मीच भिंतींवर डोकं आपटायला लागले.

मी विचारलं, मग माझ्या गळ्यात का बांधलंत. त्या शांतपणे म्हणाल्या, “खरं सांगितलं असतं तर तू नेला असतास का? तू नेला नसतास तर तो इथेच राहिला असता.”

मी त्यांना मारलं असतं. हात उचललाही होता. त्या डोळे मिटून बसल्या, सरावाने, आणि ते बघून मी बाहेर आले. उलटी झाली रस्त्यात.

३ सप्टेंबर

हमाल बोलावले. पियानो जिन्याच्या तोंडाशी नेला आणि दोघांची जुंपली, धक्काबुक्कीवर आले. एकाचा दात पडला. पियानो तिथेच टाकून गेले. आजोबांच्या दाराला कुलूप आहे. होऊन-जाईलला फोन केला तर तो ओळखच दाखवेना, मी नाव सांगितलं तर शिव्या घातल्या. शेवटी मी आणि आईने ढकलत ढकलत तो परत आत आणला. आई म्हातारी आहे. तिला इतका जोर कुठून आला?

८ सप्टेंबर

आईचं काहीतरी बिनसलंय. शेंगा सोलत नाही. पियानोकडे तोंड करून बसते. मामाकडे जाऊन ये म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं केलं.

११ सप्टेंबर

शाळेतून आले तर जिन्यातूनच ऐकू आलं. आई वाजवत होती. आईला सा कुठला तेही माहीत नाही. मुठी वळून मारत होती, पट्ट्यांवर रक्त, आणि सूर असे लागलेले, असे लागलेले की माझे पाय तिथेच खिळले.

मी तिचे हात धरले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बोलायला लागली. आईच्या तोंडून असले शब्द मी ऐकलेले नाहीत. “मला काय वाटलं असेल कधी विचारलंस? तो ताटं फेकायचा आणि तू दाराआड उभी राहून बघायचीस मी काय करते ते. मी काय करणार होते? तुला काखोटीला मारून कुठे जाणार होते? तू नसतीस तर त्याच रात्री गेले असते मी. तू नसतीस तर.”

मला वाटलं, निदान हे तरी खरं असेल, बोलू दे. पण ती थांबली नाही. तेच, पुन्हा तेच, अंधार पडेपर्यंत, आवाज खोल खोल जात. शेवटी शब्दही उरले नाहीत.

१४ सप्टेंबर

शाळेतून रजा घेऊन घरी. आईला एकटीला ठेवता येत नाही. मी दोन मिनिटं आंघोळीला गेले की ती पट्ट्यांवर. काड्या तुटतात, खणकन, तरी तुटलेल्या काडीचा स्वर वाजतोच. तिच्या बोटांना फडकी बांधते, ती दातांनी सोडते.

मीही तिला ढकललं आज. टेबलाची कड लागली तिला. ती हसली.

१६ सप्टेंबर

आता पुरे. मी काही बोटं वाकडी करून घेणाऱ्यातली नाही. आईला आतल्या खोलीत कोंडलं, झाकण काढलं आणि एकेक काडी बुडापासून स्क्रू काढून उपटली. सगळ्या. वेटोळी कापली. बोटांना कापलं, फिकीर नाही. उपटताना प्रत्येक काडी हातात थरथरत होती. शिव्या देत देत उपटल्या, मोठमोठ्याने, खालच्या रंगवाल्याने ऐकल्या असतील तर ऐकू देत.

पिशवी भरून कालव्यावर नेली आणि भर दुपारी पाण्यात ओतली. एक माणूस बघत होता. काय बघतोस, म्हटलं. गेला.

घरी आले तर आई आपली आई होती. माझ्या हातांना औषध लावलं. अंडी उकडली, दोघींनी खाल्ली. पियानो नुसता खोका आहे आता. उद्या कुऱ्हाड मागवते आणि सरपण करते.

१७ सप्टेंबर

सकाळी आई पुन्हा त्याच्यासमोर बसली. पट्टी दाबते. ठक. पुन्हा ठक. आत काही नाही, लाकडावर लाकूड. बसू दे म्हटलं, मुका खोका आहे. मी स्वयंपाकघरात दूध तापवत होते.

ठक. आणि गुरगुर.

जवळून आली. फार जवळून. मी मागे वळले, कुणी नाही. पुन्हा ठक. हात गळ्यावर गेला आणि—

माझा गळा थरथरत होता. तोंड मिटलेलं होतं माझं.

१८ सप्टेंबर

पळाले. शाळेत गेले, म्हटलं इतक्या लांब काय पोचणार. मुलांना धडा देत होते. मधल्या तासाला आलं. एक स्वर, मग दुसरा. माझ्या तोंडून, पोरांसमोर. पांढरी पाच होती, मी ओळखली. पहिल्या बाकावरची मुलगी रडायला लागली. मुख्य बाई धावत आल्या आणि दारातच थांबल्या.

ती तिकडे घरी दाबतेय आणि इकडे मी वाजतेय.

घरी येऊन आईला सांगितलं, हात जोडून, आई, तुला कळतंय का, ते मी आहे. कळतंय, म्हणाली. आणि दाबली.

१९ सप्टेंबर

कुऱ्हाड घेऊन आले. पहिला घाव झाकणावर घातला तर माझ्याच बरगडीत कळ, खाली पडले. कुऱ्हाड आईने उचलून खिडकीतून टाकली. पुन्हा जाऊन बसली.

रागाने डोळ्यांपुढे काळोख येतो. त्या बाईचा राग, आईचा, माझा स्वतःचा. आता कुठला कुणाचा ते—

एक बोट आहे तोवर सहन होतं. दोन पट्ट्या एकदम दाबल्या की घसा फाटतो. तोंडात रक्ताची चव.

२० सप्टेंबर

आतल्या खोलीत आहे. कडी आतून. दोन स्वरांच्या मधे लिहिते.

सुरावट शिकतेय ती. हळू हळू चुका सुधारते. आज तीन पट्ट्या. मी ओरडून थांब म्हणायला गेले, तोंडातून खर्ज निघाला.

रंगवाला खालून हाक मारून गेला, काय वाजतंय म्हणून.

थांबली.

फटीतून दिसतेय. पाठ ताठ. बोटांवरची फडकी सोडून टाकलीत. पेडलवर पाय ठेवला. पेडल दाबलं की स्वर विरत नाही, वाजतच राहतो, ते तिला कुणी—

दोन्ही हात वर उचलले. मुठी. वर धरून ठेवलेत. अजून खाली आणले नाहीत, अजून